भाकऱ्या मोजणारी सासू

आमच्या कॉलेजात दर जानेवारीला राष्ट्रीय सेवा योजनेचं रक्तदान शिबिर भरतं. त्यातली दहा-बारा शिबिरं मी नावनोंदणीच्या टेबलावर बसून पाहिली आहेत. नियम तोंडपाठ झालेत. वय अठरा पूर्ण, वजन किमान ४५ किलो, हिमोग्लोबिन किमान १२.५. मुलांची रांग सुरळीत पुढे सरकते. मुलींचीही रांग मोठी असते, हौसेने लागलेली असते, पण काटा आणि सुई या दोन ठिकाणी ती गळत जाते. खाटेपर्यंत पोचतात त्या बोटांवर मोजाव्यात इतक्या.

दोन वर्षांपूर्वीची एक मुलगी माझ्या लक्षात राहिली आहे. दुसऱ्या वर्षाला होती. काट्यावर उभी राहिली, आकडा आला ४३. नर्स म्हणाली, "बाळा, तुझं नाही जमायचं." तर ही मागे वळून मैत्रिणींना म्हणते, "त्रेचाळीस! दिवाळीत सत्तेचाळीस होते." एक मैत्रीण म्हणाली, "लकी आहेस यार." नर्सने तरीही तिचं बोट टोचून पाहिलं. हिमोग्लोबिन ९.२. तो आकडा मात्र कोणी कोणाला ओरडून सांगितला नाही.

या दोन आकड्यांतला कुठला आपण मोठ्याने बोलतो आणि कुठला गिळून टाकतो, यावर माझा सगळा वाद आहे.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत, म्हणजे २०१९ ते २१ या काळात, महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या ५४ टक्के स्त्रियांना रक्तक्षय आढळला. १५ ते १९ या वयात हेच प्रमाण ५७ टक्के होतं. त्याच पाहणीत राज्यातल्या जवळपास २१ टक्के स्त्रियांचं वजन उंचीच्या मानाने कमी भरलं आणि २३ टक्क्यांहून थोड्या अधिक स्त्रियांचं जास्त. हे आकडे वाचताना आपण मनातल्या मनात महाराष्ट्राचे दोन तुकडे करतो. उपाशी ती नंदुरबार-गडचिरोलीची, आणि डाएट करणारी ती कोथरूड-पार्ल्याची. 'डाएट-बिएट ही पोट भरलेल्यांची थेरं', असं एक सहकारी मला स्टाफरूममध्ये म्हणाले होते. मीही बरीच वर्षं तसंच समजत होते.

पण आमच्याकडच्या निम्म्या मुली तालुक्यातून एसटीने येतात. त्यांच्या आयांनी कधी चमचाभर तूप मोजून खाल्लं नाही, कारण मोजण्याइतकं ते नव्हतंच. आणि या मुलींना एका पोळीत किती कॅलरी असतात ते पाठ आहे. जुनी उपासमार संपून तिच्या जागी नवी आली असं झालेलं नाही. नवी आली ती जुनीच्या अंगावर येऊन बसली. म्हणून एकाच मुलीचं रक्त ९ आणि तिचा ध्यास ४३.

वसतिगृहात तर या दोहोंची इतकी सरमिसळ असते की वेगळं काढता येत नाही. मेसचे पैसे दोन वेळच्या जेवणाचे, नाश्ता वेगळा. "मी इंटरमिटंट करतेय, मॅम" (म्हणजे ठरावीक तासांतच खायचं, बाकी उपास) असं एक मुलगी सकाळच्या तासाला जांभया देत सांगायची. पुढे कळलं की घरून पैसे येणं बंद झालं होतं. 'परवडत नाही' म्हणण्यापेक्षा 'डाएट आहे' म्हणणं मानाचं. एका डब्यात दोघी जेवतात, आणि त्यालाही 'पोर्शन कंट्रोल' असं नाव आहे. डॉ. जगन्नाथ दीक्षितांनी दोन वेळा जेवा आणि प्रत्येक जेवण ५५ मिनिटांत आटपा असं सांगितलं, ते लठ्ठपणा आणि मधुमेह टाळण्यासाठी. त्या पद्धतीच्या गुणदोषांत मी शिरत नाही. पण वसतिगृहाच्या खोलीत पोचेपर्यंत तिचा अर्धाच भाग उरतो. दोनदा जेवायचं एवढं कळतं, पोटभर आणि सकस जेवायचं हे वाटेत सांडतं.

आपल्याकडे बाईचं खाणं कोणीतरी मोजायचं, ही रीत नवी नाही. जात्यावरच्या ओव्यांतला सासुरवास आठवा. सासू भाकऱ्या मोजून टोपलीत ठेवायची, सून पुरुषांची पंगत उठल्यावर तळाशी उरलेलं पुसून खायची. शिळंपाकं तिच्या वाट्याला. ज्या घरात उघड जाच नव्हता तिथेही तीच शेवटी जेवायची, आणि कमी पडलं तर 'मला भूकच नाही' म्हणायची. आता ती सासू बहुतेक घरांतून गेली आहे. मुलीला कोणी ताटावरून उठवत नाही, उलट आई मागे लागून वाढते. आणि तरी मुलगी म्हणते, "अर्धीच." सासूने घर सोडलं आणि ती मुलीच्या डोक्यात राहायला आली. शिकलेली झाली आहे ती. एक गुलाबजाम किती पावलं चालल्यावर 'फिटतो' हे तिला ठाऊक आहे. अन्न म्हणजे कर्ज, हा हिशेब त्या जुन्या अडाणी सासूलाही सुचला नव्हता.

या नव्या सासूला घरात थारा मिळतो, कारण कमी खाणारी बाई आपल्याला पहिल्यापासून आवडते. मुलाने ताटात भात टाकला तर आई कपाळाला हात लावून बघते, ताप आहे का. मुलीने टाकला तर 'डाएट चाललंय तिचं', असं हसून पाहुण्यांना सांगितलं जातं, आणि त्या हसण्यात कौतुक असतं. मराठीत यासाठी एक नेमका शब्द आहे, आबाळ. खाण्यापिण्याची आबाळ होते ती सावत्रपणाने वागवलेल्या पोराची, परगावी नोकरी करणाऱ्या एकट्याची. दुसऱ्याने केलेली आबाळ आपल्याला लगेच दिसते. स्वतःच्या हाताने केली तर तिला आपण निश्चय म्हणतो.

आता ही सासू डोक्यात शिरली कशी? सगळा दोष फोनला देणं सोयीचं आहे, आणि तो थोडा खराही आहे. पण फोन येण्याआधीपासून आपण एकमेकींच्या अंगावर बोलत आलो आहोत. 'लग्न मानवलं हो तुला!' 'तब्येत सुधारली!' तब्येत या शब्दाचा अर्थ प्रकृती, पण बारशाला किंवा हळदीकुंकवाला तो वजन या अर्थानेच वापरला जातो. बारीक असेल तर 'वाळलीस', 'चवळीची शेंग', 'हाडं मोजून घ्यावीत'. जाड असेल तर भोपळा, ढब्बू. कुठल्याच मापात सुटका नाही. माझ्या लहानपणी बारीक मुलींनाच जास्त बोलणी बसत. आज जाड मुलींना बसतात. आवड बदलली, बोलायची सवय तशीच राहिली. कांदेपोह्यांचा कार्यक्रम कमी झाला म्हणतात, पण जाहिरातीतली 'गोरी, सडपातळ' अजून गेलेली नाही. संकेतस्थळावर आता उंचीच्या शेजारी अंगकाठीसाठी वेगळा रकाना आहे, तो भरावा लागतो.

मी काही वरून बोलत नाही. चार वर्षांपूर्वी भाचीच्या साखरपुड्यात तिची धाकटी बहीण समोर आली आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "अगं बाई, किती छान बारीक झालीस!" ती म्हणाली, "डेंग्यू झाला होता, मावशी." आणि मग जे म्हणाली त्याने मी जास्त वरमले: "पण तू म्हणालीस ते छान वाटलं." आजाराने गेलेल्या सहा किलोंचं बक्षीस मी तिला दिलं होतं. ते राखण्यासाठी तिने पुढे काय काय केलं, हे मला तिच्या आईकडून कळलं. इथे लिहीत नाही.

फोनची बाजू मांडायची तर फिजीपासून सुरुवात करावी लागेल. तिथल्या नद्रोगा भागात १९९५ मध्ये दूरचित्रवाणी आली. त्या समाजात भरदार बांधा म्हणजे खात्यापित्या, मायेच्या घरातला माणूस; 'अंग भरलंय' हे कौतुक, आणि बारीक होणं काळजीचं. हार्वर्डच्या अ‍ॅन बेकर यांनी शाळकरी मुलींची पाहणी टीव्ही आला त्या सुमाराला केली आणि तीन वर्षांनी, १९९८ मध्ये, पुन्हा केली. खाण्याविषयीच्या बिघडलेल्या वृत्तीची लक्षणं असणाऱ्या मुली १२.७ टक्क्यांवरून २९.२ टक्क्यांवर गेल्या होत्या. वजन आटोक्यात ठेवायला ओकाऱ्या काढणारी मुलगी पहिल्या पाहणीत एकही नव्हती, दुसऱ्या पाहणीत ११.३ टक्के होत्या. हे २००२ मध्ये प्रसिद्ध झालं. टीव्हीसुद्धा कसला, तर एकच वाहिनी आणि बाहेरून आणलेल्या मालिका. आज मुलीच्या हातातला पडदा तिला तिच्याच वर्गातल्या मुलीचा फिल्टर लावलेला चेहरा दाखवतो, म्हणजे 'त्या गोऱ्या नट्या वेगळ्या, आपण वेगळ्या' ही पळवाटही बंद. फेसबुकच्याच अंतर्गत कागदपत्रांत किशोरवयीन मुलींपैकी तिघींत एकीच्या बाबतीत इन्स्टाग्राम हे शरीराबद्दलचं असमाधान वाढवतं, असं लिहिलेलं होतं. ते २०२१ मध्ये तिथल्याच माजी कर्मचारी फ्रान्सेस हॉगन यांच्यामुळे जगासमोर आलं. नॉर्वेने २०२२ पासून जाहिरातीत बदललेल्या शरीरावर तशी खूण छापणं सक्तीचं केलं. चांगलं आहे, पण माझा त्यावर फार भरवसा नाही. सिगारेटच्या पाकिटावर काय छापलेलं असतं ते ओढणाऱ्याला पाठ असतं.

मला जास्त सांगायचं आहे ते पुढच्या टप्प्याबद्दल. मुलगी खाणं तोडते, मग काय होतं?

आपल्या आज्यांना ते माहीत होतं. 'एकादशी आणि दुप्पट खाशी' ही म्हण चेष्टेची आहे, पण तिच्यात शरीरशास्त्र आहे. अडवलेली भूक दुपटीने परत येते. १९४४-४५ मध्ये अमेरिकेतल्या मिनेसोटा विद्यापीठात अन्सेल कीज यांनी ३६ धडधाकट तरुणांवर एक प्रयोग केला. युद्धाला नकार देणारे ते स्वयंसेवक होते. महायुद्धाने उपाशी झालेल्या युरोपला पुन्हा जेवतं कसं करायचं हे शोधायचं होतं, म्हणून आधी या तरुणांना २४ आठवडे अर्धपोटी ठेवलं. दिवसाला सुमारे १,६०० कॅलरी, आणि रोज चालणं. थोड्याच दिवसांत या तरुणांना अन्नाखेरीज काही सुचेना. पाककृतींची पुस्तकं वाचू लागले, ताटातल्या घासाशी तासन्‌तास खेळत बसू लागले, चिडचिडे झाले, एकलकोंडे झाले. बंधन उठल्यावर कित्येकांना पोट फुटेस्तोवर खाऊनही भूक राहिल्यासारखंच वाटे. ही सगळी माणसं प्रयोगाआधी मनाने खणखणीत म्हणून निवडलेली होती. हे पुरुष होते, त्यांची गरज जास्त, त्यामुळे आकड्याला आकडा लावता येणार नाही. पण आमच्या मुलींच्या फोनमधला आहारतक्ता बाराशे कॅलरींचा असतो, हे सांगून ठेवते.

तर, चार दिवस तोडून पाचव्या दिवशी रात्री अकराला अख्खा चिवड्याचा डबा संपवणारी मुलगी हावरट नसते. तिचं शरीर त्याचं काम करत असतं. पण तिला कोणी हे सांगत नाही. ती स्वतःला सांगते: मी आळशी, मी ढोर, माझ्यात जराही मनोनिग्रह नाही. मग शिक्षा म्हणून दुसऱ्या दिवशी उपास. मग पुन्हा डबा. या फेऱ्यात कुठेही गुलाबजाम हा खलनायक नाही. फेरा फिरतो तो बोलण्यांवर, ती स्वतःला देते त्या बोलण्यांवर.

आणि इथे आपला एक पक्का समज आडवा येतो. समज असा, की बोलल्याशिवाय माणूस सुधारत नाही. छडी लागे छमछम. स्वतःला माफ केलं तर सैल सुटू. क्लेअर अ‍ॅडम्स आणि मार्क लिअरी या मानसशास्त्रज्ञांनी २००७ मध्ये हे तपासलं. कॉलेजातल्या ८४ मुलींपैकी बऱ्याच जणींना आधी डोनट खायला दिला. मग त्यातल्या काहींना सहज बोलल्यासारखं सांगितलं, की असं तेलकट-गोड सगळेच कधी ना कधी खातात, स्वतःला त्यासाठी फार बोल लावून घेऊ नका. बाकीच्यांना काहीच सांगितलं नाही. नंतर चव पाहण्याच्या निमित्ताने गोळ्या-चॉकलेटांचे वाडगे समोर ठेवले. ज्या मुली एरवी खाणं तोडणाऱ्या होत्या, त्यांच्यात ते मायेचं वाक्य ऐकलेल्यांनी कमी खाल्लं. ज्यांना कोणी काही म्हटलं नव्हतं त्या 'आता बिघडलंच आहे तर बिघडू दे' या वाटेने गेल्या. एक छोटा प्रयोग आहे, त्यावर इमले बांधू नयेत. पण चिवड्याच्या डब्याशी ज्यांची गाठ पडली आहे त्यांना तो खोटा वाटणार नाही.

या मायेच्या वाक्याला मानसशास्त्रात जे नाव आहे त्याचं मराठी 'आत्मकरुणा' असं करतात. टेक्सास विद्यापीठातल्या क्रिस्टिन नेफ यांनी २००३ मध्ये तिची नीट मांडणी केली, बौद्ध विचारातून घेऊन. म्हणजे गोष्ट आपल्याच अंगणातून गेली आणि फिरून आली. त्यांच्या मते तिचे तीन धागे: स्वतःशी कठोर न होता मायेने वागणं, आपलं दुःख आपल्या एकटीचं नाही, माणूस म्हटलं की हे आलंच, याची जाण, आणि जे वाटतंय ते न दडपता, त्यात वाहूनही न जाता, बघणं. पण 'आत्मकरुणा' म्हटलं की वर्गातल्या मुली वहीत व्याख्या उतरवून घेतात आणि विसरतात. 'स्वतःची दया' म्हटलं तर ते कीव होतं, आणि कीव कोणालाच नको असते. मी बराच काळ शब्द शोधत होते. मग लक्षात आलं, तो सासूच्या विरुद्ध बाजूलाच पडलेला आहे. माहेरपण.

माहेरपण म्हणजे काय? लेक दमून येते, तिला कोणी 'काय कमावून आणलंस' विचारत नाही. गरम वाढतात. चुकली असेल तर आई सांगतेही, पण जेवण झाल्यावर. 'जिवाला जप' म्हणून पाठवतात. ते बक्षीस नसतं, कारण ते मिळवावं लागत नाही. आणि कोणी असं म्हणत नाही की माहेरपणाने बाई कामातून गेली. चार दिवस राहून ती परत जाऊन तोच संसार अधिक धडपणे करते. हे स्वतःचं स्वतःला देता यावं, एवढंच त्या अवघड शब्दाचं म्हणणं आहे. (खरोखरचं माहेरसुद्धा आता तसं राहिलेलं नाही, हे कबूल. सुट्टीत घरी आलेल्या मुलीला दारातच 'किती सुटलीस गं' म्हणणारी पहिली व्यक्ती आईच असते.)

यावर डॉक्टर मंडळींचा एक आक्षेप असतो आणि तो रास्त आहे. आपल्याकडे मधुमेह वाढतोय, पाळीच्या तक्रारी वाढताहेत, वजन हा खरा प्रश्न आहे. अशा वेळी मुलींना 'जशी आहेस तशी छान' म्हणायचं का? मी तसं म्हणत नाही. पण वजनाकडे डोळ्यांनी बघून जे निदान आपण करतो त्यावर पुण्यातल्याच एका छायाचित्राने पाणी ओतलेलं आहे. २००४ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात दोन डॉक्टरांचा शेजारी शेजारी फोटो छापून आला. एक केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक, दुसरे इंग्लंडचे जॉन युडकिन. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा आकडा, तंतोतंत सारखा, २२.३. शरीरातली चरबी मात्र युडकिन यांच्या अंगी ९.१ टक्के आणि याज्ञिकांच्या अंगी २१.२ टक्के. युडकिन मॅरेथॉन धावतात आणि याज्ञिक रुग्णालयाच्या लिफ्टचं दार बंद व्हायच्या आत पोचायला धावतात, असंही त्या गंभीर पत्रिकेत गमतीने नोंदवलं होतं. बारीक दिसणारा भारतीय आतून बारीक असेलच असं नाही, ही गोष्ट याज्ञिकांनी पुण्याच्या आसपासच्या गावांत वर्षानुवर्षं काम करून दाखवली. कमी वजनाची, अशक्त आई आणि तिच्या पोटी कमी वजनाचं पण चरबी राखणारं बाळ, असा तो धागा आहे. म्हणजे आज ४३ किलोवर टाळ्या घेणारी मुलगी ही उद्याच्या मधुमेहाच्या गोष्टीतलं पहिलं पान असू शकते. आरोग्याची काळजी असेल तर तिला कमी खा म्हणायचं की नीट खा?

आणि तो बीएमआय. केतले नावाच्या बेल्जियन खगोलशास्त्रज्ञाने १८३० च्या दशकात समाजातला 'सरासरी माणूस' शोधण्यासाठी ते गणित केलं होतं. एका मुलीला पास-नापास करण्यासाठी ते नव्हतं. १९७२ मध्ये त्याला आजचं नाव मिळालं ते अन्सेल कीज यांच्याकडून, तेच मिनेसोटाचे. उपासमार माणसाला काय करते हे ज्याने सगळ्यांत बारकाईने पाहिलं, त्याचाच आकडा पुढे मुलींना उपाशी ठेवायच्या कामी आला.

दुसरा आक्षेप माझा स्वतःचाच आहे. 'स्वतःवर प्रेम करा' हे हल्ली विकायला निघालं आहे. १९७० च्या दशकापासून काळेपणाची भीती विकणाऱ्या क्रीमने २०२० मध्ये नावातला 'फेअर' काढून 'ग्लो' लावला, नळी तीच. साबणवाले, जिमवाले, वजन घटवण्याचं अ‍ॅपवाले, सगळे आता मायेच्या भाषेत बोलतात. रोज आरशासमोर उभं राहून 'मी सुंदर आहे' असं दहा वेळा म्हणा, असा एक गृहपाठ माझ्या विद्यार्थिनींना कुठल्याशा कार्यशाळेत मिळाला होता. एकीने मला विचारलं, "मॅम, म्हणते मी, पण पटत नाही. माझंच काही चुकतंय का?" म्हणजे बारीक होता येत नाही हा एक अपराध होताच, आता स्वतःवर प्रेम करता येत नाही हा दुसरा. सासूने फक्त साडी बदलली.

शरीर आवडलंच पाहिजे असं कोणी ठरवलं? मला माझे गुडघे आवडत नाहीत, पण मी त्यांना तेल लावते. एवढं पुरे आहे. आमच्या मैदानावर पहाटे पाच वाजता पोलीस भरतीच्या मुली येतात. महिलांना उंची १५५ सेंटिमीटर हवी, आणि मैदानी चाचणीत ८०० मीटर, १०० मीटर आणि गोळाफेक. या मुली काही सुखी जीव नाहीत. जागा थोड्या, वय निघून चाललेलं, घरून लग्नाचा तगादा. पण त्यांचं खाण्याबद्दलचं बोलणं ऐकण्यासारखं असतं. "भिजवलेले हरभरे खाल्ले नाहीत की शेवटच्या दोनशे मीटरला पाय उचलत नाहीत." मांड्या जाड आहेत ही त्यांची तक्रार नसते, मांड्या दमतात ही असते. हरभरा तिथे पापात मोजला जात नाही, इंधनात मोजला जातो. सगळ्यांनी भरतीला जावं असा याचा अर्थ नाही, आणि खेळाडू मुलीही खाण्याच्या आजारात सापडतात. पण शरीराकडून काही काम असलं की आरशाला थोडी सुट्टी मिळते, हे मी रोज बघते.

मग करायचं काय? मुलींना कार्यशाळा घेऊन 'स्वतःशी मायेने वागा' सांगणं हा सगळ्यांत स्वस्त आणि सगळ्यांत अन्यायकारक उपाय आहे. ज्यांनी मोजायला शिकवलं ते मोकळे, आणि विसरायचं काम पुन्हा तिचंच. मोजणं आधी आपण थांबवायचं. वर्गासमोर वजन घेऊन मोठ्याने आकडा सांगणारे शारीरिक शिक्षणाचे तास अजून आहेत. ते बंद करायला शासन निर्णय लागत नाही. लोहाच्या गोळ्या वाटताना त्या चहाबरोबर घेऊ नका, लिंबाबरोबर घ्या, हे एक वाक्य बोलायला अर्धं मिनिट लागतं. वसतिगृहाच्या शुल्कात नाश्ता धरला तर 'इंटरमिटंट' करणाऱ्या कित्येक मुली आपोआप खायला लागतील. डॉक्टरकडे मुलगी घसा दुखतोय म्हणून गेली तर घशाबद्दल बोलावं. आणि घरात, येणाऱ्याजाणाऱ्याच्या अंगाबद्दल एक अक्षर न बोलता चहा पाजायचा सराव करावा. अवघड आहे. मी प्रयत्न करते आहे, तेव्हा कळतं की आपल्याकडे दुसरा विषयच किती कमी आहे.

एक गोष्ट यात मिसळू नये. पाळी थांबली, केस गळताहेत, जेवण झालं की मुलगी लगेच बाथरूममध्ये जाते, चक्कर येते, सगळ्यांबरोबर बसून खाणं टाळते, अशी चिन्हं दिसली तर हा माहेरपणाचा प्रश्न उरत नाही. हा आजार आहे, आणि मानसिक आजारांमध्ये सर्वाधिक जीव घेणाऱ्यांत त्याची गणना होते. तिथे डॉक्टर आणि मानसोपचारतज्ज्ञ दोघंही हवेत. केंद्र सरकारची टेलि-मानस ही मोफत सेवा १४४१६ या क्रमांकावर मराठीतही बोलते. 'थोडं खाल्लंस की बरी होशील' हे वाक्य अशा मुलीला ऐकवू नये.

त्या ४३ किलोच्या मुलीचं सांगायचं राहिलं. रक्त देऊन झालं की दात्याला बिस्किटाचा पुडा आणि फळांच्या रसाची छोटी पेटी मिळते. परत पाठवलेल्या मुली त्या टेबलावरून नजर चुकवून बाहेर जातात. नर्सने तिला हाक मारली आणि पुडा पुढे केला. ती संकोचून म्हणाली, "नको, मी कुठे रक्त दिलं?" नर्स म्हणाली, "दिलेल्यांपेक्षा तुलाच जास्त गरज आहे. सकाळपासून काय खाल्लंयस?" मुलीने उत्तर दिलं नाही. पुडा घेतला, उलटा केला, मागे छापलेला कॅलरीचा तक्ता वाचला आणि सॅकच्या बाहेरच्या कप्प्यात टाकला.